विदर्भातल्या खेड्यात पहिला चित्रपट: शूटिंगच्या आधीच्या वर्षाची तयारी

गोष्ट लिहून झाली आहे, दोन-चार लघुपट हातून गेले आहेत आणि आता पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा, तोही आपल्याच भागातल्या खेड्यात, असं ठरवलेले लोक भेटले की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. कोणता घ्यावा, नागपुरात मिळेल का मुंबईहून आणावा. मी उलट विचारतो: तुमच्या गोष्टीत वावरात काय उभं आहे? बरेच जण "शेत आहे" एवढंच सांगतात. कपाशी का तूर का धान, आणि कोणत्या महिन्यातलं, हे ठरलेलं नसेल तर तयारी अजून सुरूच झालेली नाही.

हा लेख पहिल्यांदा मोठा चित्रपट करणाऱ्यांसाठी आहे. पैसा थोडा, माणसं पंचवीस-तीस, निर्माता बहुधा तुम्हीच. शूटिंगच्या आधी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं, तेवढंच सांगतो.

आधी महिना ठरवा

शहरात शूटिंगच्या तारखा नटांच्या डायऱ्या जुळवून निघतात. इथे आधी पिकाची डायरी बघावी लागते. अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा म्हणजे मुख्यतः कपाशी, सोयाबीन, तूर. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा बराच भाग धानाचा. वरुड-मोर्शीकडे संत्रा.

कॅमेऱ्याच्या दृष्टीनं सोयाबीन सगळ्यात दगाबाज. मृगाच्या पावसावर पेरलं की साधारण शंभर दिवसांत निघतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत हिरव्याचं पिवळं होतं, पानं गळतात आणि एका सकाळी सोंगणीची माणसं येतात. संध्याकाळी वावरात गंजी तेवढी उरते. एकाच दुपारचा प्रसंग आठ दिवसांच्या अंतरानं दोन तुकड्यांत घेतलात, तर तो कुठल्याही रंगसंस्काराला जुळवता येत नाही. त्यामुळे सोयाबीनचे सगळे प्रसंग सलग, शेड्यूलच्या एकाच टोकाला लावायचे.

कपाशी त्या मानानं दयाळू. बोंडं ऑक्टोबरात फुटायला लागतात, वेचे टप्प्याटप्प्यानं होतात, पऱ्हाटी डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. पण पांढरंशुभ्र फुललेलं वावर हवं असेल तर ते वेच्याच्या आधीच्या मोजक्या दिवसांतच मिळतं. वेचा होऊन गेला की पुढचं फुलायला वेळ लागतो. म्हणून ज्याचं वावर घेतलंय त्याच्याशी वेच्याच्या तारखेबद्दल बोलून ठेवा, आणि "चार दिवस थांबा" म्हणायचं असेल तर त्या थांबण्याचे पैसे द्या. मजूर बाया त्यानं दुसऱ्या दिवसाला सांगितलेल्या असतात. त्या गेल्या की त्याला परत मिळत नाहीत. गुलाबी बोंडअळी आल्यापासून बरेच शेतकरी फरदड (त्याच पऱ्हाटीवरचं हंगामानंतरचं जादा पीक) न घेता वावर लवकर मोकळं करतात. त्यामुळे उलंगवाडीचा, म्हणजे कापूस वेचणी संपल्याचा, प्रसंग "होळीच्या सुमारास बघू" असं मोघम ठेवू नका. तुमच्या गावात ती कधी होते ते त्याच गावात विचारा.

धानाची रोवणी जुलै-ऑगस्टची. चिखल, भरलेल्या बांध्या, वाकलेल्या बायांची रांग, वरून झड. दिसायला यापेक्षा देखणं काही नाही आणि घ्यायला यापेक्षा महाग काही नाही. ट्रायपॉड रुततो, लेन्सवर वाफ धरते, दिवसातले दोन-तीन तास हातात येतात. पहिल्या चित्रपटात रोवणी ठेवायचीच असेल तर संवाद काढून टाका आणि लहान पथकानं तेवढीच वेगळी घेऊन या. धानाची कापणी नोव्हेंबरातली. ती फारच सोपी.

उन्हाळ्याचं वेगळं गणित आहे. मार्चमध्ये पळस आणि मोह मिळतो. पण एप्रिल-मे धरलात तर चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो हे लक्षात ठेवून दिवसाचे दोन तुकडे करावे लागतात: पहाटे पाचचा कॉल, अकराला बंद, चारनंतर पुन्हा. कागदावरचा बारा तासांचा दिवस प्रत्यक्षात सात-आठ तासांचाच भरतो. शिवाय पूर्वेच्या जंगलपट्ट्यात तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि सकाळी गावात माणूस दिसत नाही.

आणखी एक. अधिक मास आला की पोळा, दसरा, दिवाळी वीसेक दिवस पुढे सरकतात, पिकं मात्र आपल्या जागी राहतात. "दिवाळीनंतर लगेच सुरू करू" असं गावकऱ्यांना तोंडी सांगून ठेवलं असेल तर पुढच्या वर्षीचं पंचांग उघडून बघा.

रेकी एक वर्ष आधी, त्याच महिन्यात

मी सगळ्यात जास्त भर देतो तो यावर. नोव्हेंबरात शूटिंग करायचं असेल तर रेकी, म्हणजे जागांची पाहणी, मागच्या नोव्हेंबरात झाली पाहिजे. जूनमध्ये जाऊन बघितलेलं गाव आणि नोव्हेंबरातलं गाव ही दोन वेगळी गावं असतात. पांदण जूनमध्ये चिखलानं बंद असते आणि नोव्हेंबरात तिथून ट्रॅक्टर जातो. उन्हाळ्यात रिकाम्या दिसणाऱ्या घरात दिवाळीनंतर कापूस भरलेला असतो. ज्या खोलीत तुमचा मुख्य प्रसंग आहे, तिथे छतापर्यंत ढीग.

रेकीला कॅमेरामन नसला तरी चालेल, ध्वनीचा माणूस मात्र न्या. तो नसेल तर स्वतः एका जागी डोळे मिटून पंधरा मिनिटं बसा आणि आवाज लिहून काढा. देवळावरचा भोंगा किती वाजता लागतो, पिठाची गिरणी कधी चालते, थ्रेशर कुठे उभं राहतं. शेतीपंपांची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते. ज्या आठवड्यात ती दिवसा असते त्या आठवड्यात शिवारभर मोटारी चालू असतात. हे वेळापत्रक गावातल्या वायरमनला पाठ असतं. त्याचा नंबर तुमच्याकडे हवाच.

फोटो काढताना प्रत्येक जागेचे तीन वेळचे काढा आणि फोटोसोबत वेळ, दिशा, गट नंबर लिहा. प्रकाशाबद्दल एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या कॅमेरामनला आधीच सांगा: नागपूरच्या आसपास सूर्य मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. नोव्हेंबरअखेर साडेपाचलाच मावळतो. मुंबईच्या सवयीनं "सहाचा उजेड" धरून प्रसंग लावला तर तो अंधारात जातो.

संहिता फोडा

महिना आणि गाव नक्की झालं की संहितेचं ब्रेकडाऊन. हे संगणकावर करा किंवा शाळेच्या वहीत, पण प्रत्येक प्रसंगासमोर या गोष्टी आल्या पाहिजेत: जागा, दिवस का रात्र, पात्रं, गर्दी, कपडे, हातातल्या वस्तू, वाहनं, जनावरं, पीक कोणत्या अवस्थेत. शेवटचा रकाना छापील नमुन्यांत नसतो, तो आपण घालायचा.

एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हे ढोबळ माप. शंभर पानांची संहिता आणि दिवसाला चार पानं धरली तर 25 दिवस. नवख्या पथकाला चार पानं झेपतात, पण रात्रीचे प्रसंग, जनावरं, लहान मुलं आणि गर्दी यांपैकी काहीही आलं की ती दोनवर येतात. ब्रेकडाऊन झाल्यावर पुन्हा लिहायला बसा. बंडीतून बाजाराला जाणं तीनदा असेल तर एकदा करा. रात्रीचा प्रसंग पहाटे होऊ शकतो का बघा. पहाटेचा उजेड फुकट आहे आणि रात्रीला जनरेटर लागतो. लेखक म्हणून हे करताना जीव तुटतो खरा. पण हे काम लोकेशनवर तीस माणसं ताटकळत असताना करण्यापेक्षा घरी केलेलं बरं.

गावाशी बोलणी

परवानगी म्हणजे सरपंचाची सही, अशी समजूत असते. सही लागतेच, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र घ्या, ठरावाची प्रत मागा, आणि पोलीस पाटलांना भेटून मग पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पण गाव त्या सहीपेक्षा मोठं असतं. बहुतेक गावांत दोन पार्ट्या असतात. तुम्ही सरपंचाच्या घरी उतरलात, त्यांच्याच पोराला व्यवस्थापक केलंत, की दुसऱ्या पार्टीच्या लेखी तुमचा चित्रपट सरपंचाचा झाला. मग ऐन टेकला शेजारच्या घरात टेप वाजायला लागतो. मुक्काम शक्यतो तिसऱ्याकडे करा: मंगल कार्यालय, तालुक्यातली लॉज, सुट्टीच्या काळात आश्रमशाळा. कामं दोन्हीकडच्या पोरांना द्या. ग्रामपंचायतीची निवडणूक तुमच्या महिन्यात आहे का, हेही आधीच बघा. असेल तर महिना किंवा गाव बदला, मधला रस्ता शोधत बसू नका.

वावर घेताना सातबारा बघा, आणि तेवढ्यावर थांबू नका. सातबाऱ्यावर नाव नागपुरात नोकरी करणाऱ्या भावाचं असतं आणि वावर मक्त्यानं किंवा बटईनं दुसराच कोणी वाहतो. दोघांचीही लेखी संमती हवी. पिकाचं नुकसान किती धरायचं ते आधी बोला: पिकाची किती तासं (ओळी) तुडवली जातील, गाडी कुठपर्यंत येईल, धुरा (बांध) फोडायचा का. करार मराठीत, एका पानाचा, आकडे अक्षरी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यांचं "हो" मोबाइलवर चित्रित करून ठेवा. "काकाजी, तुमचं काही नुकसान होऊ देणार नाही" हे वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही. चित्रपट विकताना समोरचा कागद मागतो.

गडचिरोलीच्या अनुसूचित भागात आणखी एक पायरी आहे. तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि अनेक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ते 2009 मध्ये मिळाले. अशा गावात सरपंचाला गाठून काम होत नाही. ग्रामसभेपुढे जाऊन बसायचं, गोष्ट सांगायची, प्रश्न झेलायचे. वेळ लागतो, पण त्या सभेत होकार मिळाला की नंतर कोणी अडवत नाही. या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयालाही सुरुवातीपासून माहिती असू द्या.

सरकारी कागद

राज्यात शूटिंगच्या परवानग्यांसाठी चित्रनगरीच्या महामंडळाचा फिल्म सेल एक खिडकी म्हणून काम करतो. सार्वजनिक जागा, रस्ते, सरकारी इमारती यांचे अर्ज तिथून करा आणि प्रत घेऊन तालुक्याच्या कार्यालयात स्वतः जा. अर्ज मुंबईत मंजूर होतो, पण गेट उघडणारा माणूस तालुक्यात बसतो. जिल्हा परिषदेची शाळा हवी असेल तर मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. लाल एसटी हवी असेल तर आगारातून चौकशी सुरू करा, पण दर आणि परवानगी वरून येते. दोन महिने हातात ठेवा.

जंगलाचं सांगायचं तर ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर या व्याघ्र प्रकल्पांच्या आत जाण्याचा हट्ट पहिल्या चित्रपटात धरू नका. अभयारण्यात चित्रीकरणाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी लाइट, गर्दी, संवाद यांवर बंधनं येतात. सागाचं, पळसाचं रान जंगलाबाहेर खाजगी जमिनीवरही भरपूर आहे.

ड्रोन उडवणारा पोरगा प्रत्येक तालुक्यात लग्नाच्या ऑर्डरी करत असतो. त्याच्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे का आणि ड्रोनची नोंदणी आहे का, एवढं विचारा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवता येतं, पण तुमची जागा हिरवी आहे की नाही हे डिजिटल स्काय नकाशावर बघावं लागतं. विदर्भात हे विसरून चालत नाही, कारण पुलगावला दारूगोळा भांडार आहे, भंडारा आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहेत. त्यांच्या आसपास साधी रेकीसुद्धा विचारून करा.

बैल, लेकरं आणि खर्रा

हे तीन विषय सेन्सॉरच्या दारात अडवतात, आणि तिन्हींची तयारी शूटिंगच्या आधीच करावी लागते.

गावच्या चित्रपटात बैल नसणं कठीण. पण जनावर पडद्यावर काम करताना दिसणार असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि नंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, मालकाचं संमतीपत्र आणि प्रसंगाचं वर्णन द्यावं लागतं. 2011 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत खेळ-करामतीसाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला गेला. महाराष्ट्रानं 2017 मध्ये बैलांच्या शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ग्राह्य धरल्यावर शर्यती नियमांखाली सुरू राहिल्या, पण म्हणून चित्रपटात शंकरपट (आपल्याकडची बैलांची शर्यत) सहज घेता येईल असं समजू नका. कोंबडी, कुत्रं, गोठ्यातली गाय यांचीही यादी ब्रेकडाऊनमधून काढून एकत्र अर्ज करा. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांचे बैल शेवटी संकलनाच्या टेबलावर कापले जातात.

चौदा वर्षांखालील मूल काम करणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुख्य पात्रच लेकरू असेल तर पाच तासांच्या या अटीवर सगळं शेड्यूल बेतायचं. 25 दिवसांचे 35 होतात, आणि ते बजेटमध्ये पहिल्यापासून हवेत.

खर्रा, म्हणजे सुपारी आणि तंबाखू घोटून केलेलं मिश्रण, ही आपल्याकडची खास अडचण. पानठेल्यावर खर्रा घोटणारा माणूस दाखवल्याशिवाय विदर्भाचं गाव खरं वाटत नाही, हे मान्य. पण पडद्यावर तंबाखू आली की तिथे इशाऱ्याची पट्टी येते, आणि चित्रपटाच्या सुरुवातीला व मध्यंतरानंतर आरोग्यविषयक चित्रफीत लावावी लागते. ज्या प्रसंगात प्रेक्षकानं रडावं असं वाटतं त्याच्या खाली "तंबाखू जीवघेणी आहे" अशी ओळ चालेल का, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा. खर्रा पानठेल्यापुरता ठेवा. हातातलं पाकीट, कंपनीचं नाव तर अजिबात नको.

माणसं आणि बोली

पूर्व विदर्भात करत असाल तर झाडीपट्टीची रंगभूमी हा खजिना आहे. वडसा हे तिचं केंद्र. रात्रभर हजारो लोकांपुढे नाटक उभं करणारे हे कलाकार पाठांतराला, दमाला आणि प्रसंगावधानाला पक्के असतात. पण त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारापर्यंत चालतो, म्हणजे नेमका तुमच्या धानकापणीचा काळ. रात्रभर प्रयोग करून सकाळी सहाला सेटवर या, असं कोणाला म्हणता येत नाही. पावसाळ्यातच त्यांच्या कंपनीच्या मालकाशी बोलून तारखा मागा, मोबदला हंगामातल्या रात्रीच्या हिशेबानं द्या. आणि तालमी कॅमेऱ्यासमोर घ्या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज आणि हात एका दिवसात खाली येत नाहीत, पण पंधरा दिवसांत नक्की येतात. रेकॉर्ड केलेलं त्यांना दाखवलं की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

बोलीच्या बाबतीत एक तालुका निवडा आणि त्याला धरून राहा. "विदर्भी भाषा" नावाचं एकसलग काही नाही. डोळ्याला वऱ्हाडात "डोया" म्हणतात आणि झाडीपट्टीत "डोरा". नागपूरची बोली आणखी तिसरी, तिच्यात हिंदी मिसळलेली. बापाच्या तोंडी अकोट आणि पोराच्या तोंडी ब्रह्मपुरी असेल तर मुंबईच्या परीक्षकाला कळणार नाही, इथल्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. आणि थिएटरात "हे काय बोलून रायले बे" असा आवाज उठला की चित्रपट संपला. संहिता गावातल्याच दोन म्हाताऱ्या आणि दोन तरुण माणसांकडून मोठ्यानं वाचून घ्या, रेकॉर्ड करा, ते रेकॉर्डिंग बाहेरच्या नटांना द्या. मेळघाटात कोरकू, यवतमाळात कोलामी किंवा गोरमाटी बोलणारी पात्रं असतील तर त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. खाली मराठी अक्षरं टाकता येतात.

बोलीचा विनोद करायचा मोह टाळा. बाहेरच्या चित्रपटांनी तो बराच केला आहे.

गाण्यांचे हक्क

संध्याकाळच्या प्रसंगात गावात खंजरीवर भजन चालू आहे, हे अगदी नैसर्गिक. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन 1968 सालचं आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणजे त्यांची रचना 2028 संपेपर्यंत मोकळी होत नाही. गुरुकुंज मोझरीला रीतसर विचारून लेखी घ्या. भुलाबाईची, महादेवाची पारंपरिक गाणी कोणाच्या मालकीची नाहीत, पण त्यांचं बाजारातलं रेकॉर्डिंग असतं. गावातल्या बायांकडूनच म्हणवून घ्या, त्यांना मानधन द्या, संमतीपत्र घ्या, श्रेयनामावलीत नावं द्या.

पैसा

अंदाजपत्रक करताना नवखे लोक कॅमेरा आणि नट यांवर चार पानं लिहितात आणि जेवण एका ओळीत उरकतात. हिशेब करून बघा. 30 माणसं, 25 दिवस, चहा-नाश्ता-दोन जेवणं मिळून माणशी 300 रुपये धरले तर सव्वादोन लाख. त्यात गर्दीच्या दिवशीची दोनशे ताटं नाहीत. गावातल्या महिला बचत गटाला स्वयंपाक दिला तर स्वस्त पडतं, ताजं मिळतं आणि गावाशी नातंही जुळतं. फक्त रोज सावजी रस्सा मागू नका. तिसऱ्या दिवशी अर्धं पथक आडवं होतं.

एकूण रकमेतून दहावा भाग आधीच बाजूला काढा, तो पावसाचा. आणि संकलन, ध्वनी, रंगसंस्कार, सेन्सॉर, महोत्सवांची शुल्कं यांसाठीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. विदर्भात चित्रित होऊन हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेले चित्रपट कमी नाहीत. कारण बहुतेकदा हेच.

राज्य सरकारचं दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीचं अनुदान चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षणानंतर मिळतं. त्याच्या भरवशावर शूटिंगसाठी व्याजानं पैसे उचलू नका. संहिता पक्की असेल तर एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार बघा, 2025 पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार. तो नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीनं भरतो. तिथे लेखकांसाठी कार्यशाळा (लॅब) आहे, सहनिर्माते शोधायचा बाजार आहे, अर्धवट तयार चित्रपटांसाठीही सोय आहे. अर्ज काही महिने आधी मागवतात आणि ते इंग्रजीत, नेमक्या शब्दांत लिहावे लागतात. त्यासाठी एखाद्याची मदत घ्यायला लाजू नका.

गावातून, मित्रांकडून पैसे घेणार असाल तर ते गुंतवणूक आहे, उसनवारी आहे की देणगी, हे कागदावर लिहा. आणि "पन्नास हजार दे, रोल देतो" हा धंदा करू नका. आपल्याकडे अशा लोकांनी इतक्या पोरांना फसवलंय की खरा दिग्दर्शक गावात आला तरी आई-बाप आधी संशयानंच बघतात. त्यांचं बरोबर आहे.

या टप्प्यावरच संहितेची नोंदणी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे करा, शीर्षक अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवा, आणि गोष्ट दुसऱ्याची असेल तर लेखकाशी लेखी करार करा. मैत्री असली तरी.

उरलेलं, थोडक्यात

जनरेटर मंडप-डेकोरेशनवाल्याकडे मिळतो, पण तो लग्नातला, धडधडणारा. आवाज प्रत्यक्ष जागेवर घेणार असाल तर सायलेंट लागेल, तो जिल्ह्याच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवा. लग्नाच्या दाट तिथी टाळा. बायकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूमची सोय रेकीतच बघा, जागा कितीही सुंदर असली तरी ती सोय होत नसेल तर दुसरी शोधा. रात्री वावरात काम असेल तर गमबूट, मोठे टॉर्च आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध साठ्यात आहे त्याची खात्री. 108 ची रुग्णवाहिका कुठून येते आणि किती वेळात, तेही. रोजचं चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून त्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायच्या. धारणी, भामरागडकडे मोबाइलला रेंज नसते तिथे निरोप्या म्हणून एक मोटारसायकलवाला रोजंदारीवर ठेवा.

पोळ्याला निर्णय

कपाशीचा चित्रपट नोव्हेंबरात करायचा असेल तर करायचा की नाही याचा शेवटचा निर्णय मी पोळ्याला घ्यायला सांगतो. तोवर पुढच्या गोष्टी हातात हव्यात: शूटिंगचा पूर्ण पैसा, गावाचं पत्र, वावराचे करार, मुख्य नटांच्या तारखा आणि जनावरांच्या परवानगीचा दाखल केलेला अर्ज. यातली एखादी बाकी असेल तर दसऱ्यापर्यंत धावपळ करून मिळवता येते. दोन किंवा जास्त बाकी असतील तर वर्ष पुढे ढकला.

ढकललेलं वर्ष वाया जात नाही. चार माणसांचं पथक आणि एक कॅमेरा घेऊन त्या हंगामाची चित्रं घेऊन ठेवा: पेरणी, डवरणी, फुलावर आलेली तूर, जिनिंगबाहेर लागलेल्या कापसाच्या गाड्या, बाजाराचा दिवस. त्यात मुख्य नट दिसू देऊ नका, कपडे आणि केस पुढच्या वर्षी जुळणार नाहीत. कॅमेरा पुढच्या वर्षी जो वापरणार तोच घ्या, निदान त्याच कंपनीचा. प्रत्येक फाइलला तारीख, गट नंबर आणि पिकाची अवस्था हे नाव द्या, आणि त्याच भेटीत वावरवाल्याला विचारून घ्या की पुढच्या हंगामात तिथे तो कपाशीच लावणार आहे की सोयाबीन.